पाच देश, एक बाटली : घरगुती व्हिस्की-मिश्रणाच्या नोंदी

८ जून २०२५

मे महिन्यात भाच्याकडे सिंगापूरला गेलो होतो, तेव्हा त्याने सनटोरी कंपनीची ‘आओ’ नावाची व्हिस्की पुढे ठेवली. ‘आओ’ म्हणजे जपानी भाषेत निळा. २०१९ साली बाजारात आलेल्या या बाटलीत स्कॉटलंड, आयर्लंड, अमेरिका, कॅनडा आणि जपान अशा पाच देशांच्या व्हिस्की एकत्र केलेल्या आहेत. चव नीटस होती, गोडसर होती, कुठे खटकण्यासारखे काही नव्हते. परंतु त्या पाचांपैकी एकही देश मला ओळखता आला नाही, आणि तेच मनात घर करून राहिले. सनटोरीला हे जमले यामागे कौशल्य आहेच, पण त्याहून मोठे कारण मालकीचे आहे. २०१४ मध्ये या कंपनीने अमेरिकेची बीम कंपनी विकत घेतली आणि त्याबरोबर स्कॉटलंडमधील आर्डमोर, आयर्लंडमधील कूली आणि कॅनडामधील अल्बर्टा हे कारखानेही तिच्याकडे आले. स्वतःच्याच पाच कोठारांतले माल एकत्र करणे आणि पाच अनोळखी बाटल्या एकत्र करणे यांत फरक पडणारच.

तेव्हा प्रकल्पाचा हेतू असा ठरवला : पाच प्रदेशांतील पाच व्हिस्की घेऊन अर्धा लिटर मिश्रण तयार करायचे, आणि ते असे असावे की चाखणाऱ्याला पाचही प्रदेश वेगवेगळे ओळखू यावेत. रंग, साखर किंवा कोणताही अर्क घालायचा नाही. विक्रीचा प्रश्न नाही. घरी काहीही गाळले जाणार नाही, कर भरून घेतलेल्या बाटल्या फक्त एकमेकींत ओतल्या जाणार आहेत; मद्यसेवनाचा आजीव परवाना माझ्याकडे आहे.

आपल्याकडे ही कल्पना नवी आहे असेही नाही. रॉयल स्टॅगसारख्या ब्रँडमध्ये आयात केलेले स्कॉच माल्ट (मोड आणून वाळवलेल्या बार्लीची व्हिस्की) आणि भारतीय धान्याचा मद्यार्क यांचे मिश्रण असते. कोपऱ्यावरच्या दुकानात क्वार्टर मागणारा माणूस गेली तीस वर्षे दोन देश एकत्र पितो आहे, त्याला ‘जागतिक ब्लेंड’ म्हणावे असे कोणाला सुचले नाही एवढेच.

१४ जून

पाचही बाटल्या जमल्या. परदेशातून येणाऱ्या प्रवाशाला दोन लिटरपर्यंतच मद्य करमुक्त आणता येते, त्यामुळे चार बाटल्या भाचा आणि त्याचा मित्र अशा दोघांच्या सामानातून आल्या. पाचवी मी स्वतः मडगावहून आणली.

पहिली निक्का कंपनीची ‘कॉफी ग्रेन’, जपान, मद्यार्क ४५ टक्के. या नावाचा पेयाच्या कॉफीशी काही संबंध नाही. एनिअस कॉफी हा आयर्लंडमधील अबकारी अधिकारी होता आणि १८३० साली त्याने अखंड चालणाऱ्या उभ्या स्तंभांच्या ऊर्ध्वपातन यंत्राचे पेटंट घेतले. आयरिश कारखानदारांनी त्या यंत्राकडे पाठ फिरवली, स्कॉटिश कारखानदारांनी ते उचलले, आणि १९६३ मध्ये निक्काने तसलेच यंत्र स्कॉटलंडहून जपानला नेले. या बाटलीतली व्हिस्की मुख्यतः मक्याची आहे. म्हणजे अमेरिकन धान्य, आयरिश कल्पना, स्कॉटिश यंत्र आणि वर जपानी शिक्का. मी प्रदेश वेगळे ओळखायला निघालो आहे आणि पहिल्याच बाटलीने असे स्वागत केले.

दुसरी गोव्यातील कुंकळ्ळी येथे तयार होणारी ‘पॉल जॉन ब्रिलियन्स’, ४६ टक्के, धुराविना. भारतीय सहा-ओळी (कणसात दाण्यांच्या सहा ओळी असणारी) बार्ली, आणि मुरवण्यासाठी बर्बनची, म्हणजे मुख्यतः मक्याच्या अमेरिकन व्हिस्कीची, वापरलेली पिंपे.

तिसरी आयर्लंडची ‘रेडब्रेस्ट १२’, ४० टक्के. अंकुरित आणि बिनअंकुरित बार्ली एकत्र करून तांब्याच्या भट्टीत तीन वेळा गाळलेली. या प्रकाराला सिंगल पॉट स्टिल म्हणतात. बिनअंकुरित बार्ली वापरण्याची प्रथा माल्टवरचा कर चुकवण्याच्या खटपटीतून रुजली. कर चुकवण्यातून जन्मलेली चव आज तिथे वारसा म्हणून जपली जाते.

चौथी अमेरिकेतील केंटकीची बर्बन ‘वाइल्ड टर्की १०१’, ५०.५ टक्के. पाचवी स्कॉटलंडच्या आयला बेटावरची ‘आर्डबेग १०’, ४६ टक्के. तिचे माल्ट पीटच्या धुरावर वाळवलेले असते आणि त्या माल्टमधील फिनॉलचे, म्हणजे धुराचा वास देणाऱ्या घटकांचे, प्रमाण सुमारे ५५ पीपीएम (दहा लाखांत ५५ भाग) सांगितले जाते. पीट म्हणजे दलदलीत हजारो वर्षे दबून राहिलेल्या, अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा थर, जो कापून, वाळवून जाळतात.

२२ जून

काचसामान आणले. पेठेतल्या दुकानातून आणलेल्या दहा मिलिलिटरच्या मोजनळीत खुणेपर्यंत ऊर्ध्वपातित पाणी भरून तोलले, तर ते ९.६ ग्रॅम भरले. खोलीचे तापमान २६ अंश होते. त्या तापमानाला ते ९.९७ ग्रॅम भरायला हवे. म्हणजे खूणच चार टक्क्यांनी चुकलेली. मी ३१ वर्षे रंगाच्या कारखान्यात गुणवत्ता तपासणीत काढली आणि तिथे शिकलेली पहिली गोष्ट हीच होती की द्रव मोजू नये, तोलावा. सराफ वापरतात तसला शतांश ग्रॅम दाखवणारा काटा घरात होताच. ४५ टक्क्यांच्या आसपासच्या व्हिस्कीची घनता २० अंशांना सुमारे ०.९४ असते, तेव्हा दहा मिलिलिटरऐवजी ९.४ ग्रॅम असा हिशेब यापुढे ठेवतो. मोजनळी परत केली नाही. तिच्यात आता पेन्सिली ठेवल्या आहेत.

वास घेण्याची पद्धत व्यावसायिक मिश्रणकारांचीच ठेवली आहे. नमुना २० टक्के मद्यार्कापर्यंत पातळ करायचा, वर निमुळत्या होणाऱ्या पेल्यात घालायचा, काचेच्या चकतीने झाकायचा आणि दहा मिनिटांनी हुंगायचा. ४६ टक्क्यांच्या दहा मिलिलिटर व्हिस्कीला तेरा मिलिलिटर पाणी लागते. इतक्या पाण्याने पिण्याची मजा जाते हे खरे, परंतु मद्यार्काची नाकाला बसणारी चुणचुण निघून जाते आणि तिच्यामागे दडलेले वास पुढे येतात.

२८ जून

चाचणी १. पाचही व्हिस्की समप्रमाणात, प्रत्येकी २० मिलिलिटर. मद्यार्क ४५.५ टक्के.

निकाल एका शब्दात : आर्डबेग. बाकीच्या चार जणी त्या पेल्यात होत्या याचा पुरावा फक्त माझ्या वहीत आहे. सौ. स्वतः चाखत नाहीत, पण त्यांचे नाक माझ्यापेक्षा तल्लख आहे, त्यांनी दारातूनच विचारले, “फरशी कशाने पुसली?” मी फरशी पुसली नव्हती. आयोडीन, फिनेल, विझवलेली चूल, त्यामागे लिंबाची साल, असे ते आर्डबेगचे रूप एरवी मला आवडते. परंतु पाच जणांच्या बैठकीत एकट्यानेच बोलत सुटलेल्या माणसासारखे ते इथे वाटले.

समप्रमाण ही कल्पनाच भाबडी होती, हे मला आधी कळायला हवे होते. रंगाच्या कारखान्यात पांढऱ्याच्या डब्यात काळा कधी वाटीने घालत नाहीत, थेंबाने घालतात, कारण घातलेला काळा परत काढता येत नाही.

५ जुलै

आठवडा वाया गेला, आणि दोष सर्वस्वी माझा आहे.

सोमवारपासून आर्डबेग अजिबात न घालता उरलेल्या चार व्हिस्कींचे नमुने करत होतो, आणि प्रत्येक नमुन्यात मागे कुठेतरी धूर येत होता. आधी वाटले की पॉल जॉनची बाटली चुकून धूरयुक्त प्रकारची आणली. मग केंटकीच्या जळक्या पिंपांवर संशय घेतला आणि त्यावर वहीत चांगली अर्धे पान तर्कशुद्ध मांडणीही केली, जी आता वाचवत नाही. काल रात्री सहज म्हणून पिपेटने नुसते ऊर्ध्वपातित पाणी ओढून पेल्यात सोडले आणि हुंगले. पाण्याला धुराचा वास होता. काच स्वच्छ होती. वास पिपेटच्या रबरी फुग्यात होता. पहिल्या चाचणीच्या दिवशी आर्डबेग ओढताना ती फुग्यापर्यंत चढली असणार, आणि रबराने तो वास धरून ठेवला. फुगा गरम पाण्यात, सोड्यात आणि शेवटी उन्हात ठेवून पाहिला, उपयोग झाला नाही. आता आर्डबेगसाठी वेगळी पिपेट ठेवली असून तिला लाल दोरा बांधला आहे.

या आठवड्यातील सर्व सात नमुने रद्द.

६ जुलै

आषाढी एकादशी. काम बंद.

१२ जुलै

चाचणी ९ ते १२. पायाभूत मिश्रण तेच ठेवून आर्डबेगचे प्रमाण अनुक्रमे १०, ५, ३ आणि १ टक्का केले. पाया असा : निक्का ४०, पॉल जॉन २०, रेडब्रेस्ट २०, वाइल्ड टर्की २०. यात आर्डबेग जितकी घातली, तितक्याच प्रमाणात बाकी सर्व कमी केल्या.

१० टक्क्यांवर ही अजूनही स्कॉच वाटते, कोणालाही तशी वाटेल. ५ टक्क्यांवर धूर आणि बाकीचे यांच्यात रस्सीखेच जाणवते, एक घोट इकडचा तर एक तिकडचा. ३ टक्क्यांवर धूर मागे सरतो आणि घोट गिळल्यावर जिभेच्या मुळाशी थोडा रेंगाळतो. सर्वांत विचार करायला लावणारा नमुना १ टक्क्याचा होता. त्यात धूर मुळीच नाही, शोधूनही सापडत नाही. तरीही शून्य टक्क्यांच्या नमुन्याशेजारी ठेवला की शून्य टक्क्यांचा नमुना पोकळ वाटतो. आमटीतला हिंग कोणाला दिसत नाही, पण फोडणीत तो पडला नसेल तर पहिल्याच घासाला समजते, तसा हा प्रकार आहे.

मूळ हेतू मात्र इथे अडचणीत येतो. स्कॉटलंड ओळखू यावे तर ५ टक्के हवेत, आणि ५ टक्के घातले की आयर्लंड हरवते. रेडब्रेस्टचा तो तेलकट, हिरव्या सफरचंदाचा, किंचित तिखट पोत धुराखाली सर्वांत आधी दबतो. तूर्त ३ टक्के धरून पुढे जातो.

निक्काबद्दल एक निरीक्षण. ती एकटी चाखली तर छान असली तरी फार काही बोलत नाही. मका, व्हॅनिला, थोडे केळे. ती ४० वरून २० टक्क्यांवर आणली तेव्हा बाकीच्यांच्या कडा एकमेकींना घासू लागल्या. केंटकीचा मसाला आणि आयर्लंडचा तेलकटपणा वेगवेगळे, एकामागोमाग एक आले. ती पुन्हा ४० वर नेली आणि तोंडातली ही भांडणे मिटली. स्कॉच व्यापाराने हे फार पूर्वी ओळखले होते. १८६० च्या कायद्याने माल्ट आणि ग्रेन (इतर धान्यांची, स्तंभयंत्रातली व्हिस्की) यांचे मिश्रण कर भरण्यापूर्वीच गोदामात करता येऊ लागले, आणि एडिनबरोच्या अँड्र्यू अशरसारख्या व्यापाऱ्यांच्या धंद्याला त्यातून बळ मिळाले. स्वस्त माल घालून महाग माल वाढवण्याचा हेतू त्यात होताच, तो नाकारण्याचे कारण नाही. पण नुसती भेसळ असती तर ती इतकी वर्षे टिकली नसती.

१९ जुलै

आजची नोंद लांब होणार.

पाचही व्हिस्की वेगवेगळ्या, प्रत्येकी २० टक्क्यांपर्यंत पातळ करून, काळा कागद गुंडाळलेल्या पेल्यांत ठेवल्या होत्या. पेल्यांना फक्त क्रमांक होते. सौ. गोडा मसाला करून नुकत्याच मोकळ्या झाल्या होत्या. हात धुऊन, पदराला हात पुसत त्या टेबलापाशी आल्या आणि मी न विचारताच एकेक पेला उचलून हुंगू लागल्या. पहिला हुंगून खाली ठेवला. दुसरा हुंगला, पुन्हा पहिला उचलला. मग तीन पेले उजवीकडे सरकवले, एक मध्ये ठेवला, आणि पाचवा नाकाजवळ नेताच लांब केला.

“अहो, या तिघांत खोबरं आहे,” त्या म्हणाल्या. “सुकं खोबरं भाजतो ना, तसं. अजून तांबूस झालेलं नाही, नुसतं गरम झालेलं.” मधल्या पेल्यात त्यांना मनुका सापडल्या. पाचव्याबद्दल त्या काही बोलल्या नाहीत, खिडकी उघडली.

क्रमांक उघडून पाहिले. उजवीकडचे तिघे म्हणजे केंटकीची वाइल्ड टर्की, गोव्याची पॉल जॉन आणि जपानची निक्का. तीन खंडही नव्हेत, तीन टोके. आणि मसाल्याचे खोबरे भाजून आलेल्या नाकाला ती एका घरची वाटली.

कारण शोधायला लांब जावे लागले नाही. अमेरिकन कायद्यानुसार बर्बन ही आतून जाळलेल्या नव्या ओकच्या भांड्यातच मुरवावी लागते. एकदा वापरलेले पिंप पुन्हा बर्बनसाठी वापरता येत नाही, म्हणून ती पिंपे स्वस्तात जगभर जातात. स्कॉटलंडला, आयर्लंडला, जपानला आणि आपल्या गोव्यालाही. अमेरिकन पांढऱ्या ओकमध्ये ज्याला व्हिस्की लॅक्टोन म्हणतात तो घटक युरोपीय ओकपेक्षा जास्त असतो, आणि त्याचा वास खोबऱ्याचा असतो. लाकडातील लिग्निन उष्णतेने फुटून व्हॅनिलिन तयार होते, तो व्हॅनिलाचा वास. रेडब्रेस्टमध्ये बर्बनच्या पिंपांबरोबर शेरी या स्पॅनिश वाइनची पिंपेही असतात, म्हणून मनुका. आर्डबेग १० हीसुद्धा बर्बनच्या पिंपातलीच आहे, पण तिच्यातले खोबरे धुराच्या पडद्यामागे गेले.

मी ज्याला केंटकीचा प्रदेश समजून २० टक्के घालत होतो, तो प्रदेश लाकडाच्या रूपाने पाचही बाटल्यांत आधीच येऊन बसला होता. त्यावर आणखी २० टक्के म्हणजे शिऱ्यात साखर घालून झाल्यावर वरून गूळ. वाइल्ड टर्की १२ वर आणली आणि मिश्रणातला चिकट गोडपणा त्याच क्षणी गेला. रिकामी झालेली जागा पॉल जॉनला दिली.

पॉल जॉनला वाढवण्याचे दुसरेही कारण आहे. स्कॉटलंडमध्ये पिंपातून दरवर्षी सुमारे २ टक्के द्रव उडून जातो, गोवा किंवा बंगळुरूच्या हवेत ते प्रमाण त्याच्या कित्येक पट असते. बंगळुरूची अमृत कंपनी १० ते १२ टक्के सांगते. उष्णतेने द्रव लाकडात जोरात शिरतो आणि बाहेर येतो, त्यामुळे लाकडाचा रंग आणि गोडी पटकन उतरते. आपल्याकडे पिंप वीस वर्षे ठेवले तर उघडताना आत पाहण्यासारखे फारसे उरणार नाही. म्हणूनच वयाचा आकडा पाहून भारतीय माल्टची किंमत करणाऱ्या माणसांशी मी वाद घालत नाही, पेला पुढे करतो. पॉल जॉनमध्ये मध आणि दालचिनी आहे, त्याला किंचित कच्ची, धान्याची कडा आहे, आणि ती कडा या मिश्रणाला हवी होती.

आजपासून प्रकल्पाचा हेतू बदलत आहे. पाच प्रदेश ओळखू यावेत हा आग्रह सोडला. ज्याला मी प्रदेश म्हणत होतो त्यातला बराचसा भाग लाकूड, धान्य आणि हवा हा आहे. यांतले लाकूड तर सरळ बोटीत बसून फिरते. आता एवढेच पाहायचे की घोटाची सुरुवात, मध्य आणि शेवट वेगळे लागतात की नाही.

२४ जुलै

दीप अमावास्या. उद्यापासून श्रावण, आणि आमच्या घरात श्रावणापासून गणपती जाईपर्यंत चाखणे बंद असते. बाहेर गटारी जोरात साजरी होते आहे. मी काटा मांडून बसलो आहे.

अंतिम कृती, चाचणी १७, एकूण ५०० मिलिलिटर : निक्का २००, पॉल जॉन १२५, रेडब्रेस्ट १००, वाइल्ड टर्की ६०, आर्डबेग १५. आर्डबेग सर्वांत शेवटी, लाल दोऱ्याच्या पिपेटने, तोलून १४.०७ ग्रॅम.

मद्यार्काचा हिशेब : ४० टक्के भागाचे ४५ प्रमाणे १८, २५ टक्के भागाचे ४६ प्रमाणे ११.५, २० टक्के भागाचे ४० प्रमाणे ८, १२ टक्के भागाचे ५०.५ प्रमाणे ६.०६, आणि ३ टक्के भागाचे ४६ प्रमाणे १.३८. बेरीज ४४.९४. पाणी घातले नाही. बाटली गळ्यापर्यंत भरली, म्हणजे आत हवा कमी राहील, आणि धान्याच्या कपाटात मागे ठेवली.

मिश्रण केल्यावर ते काही आठवडे तसेच ठेवण्याची पद्धत आहे; इंग्रजी व्यवसायात त्याला लग्न लावणे म्हणतात. आपल्याकडे लोणचे घालणाऱ्या कोणालाही हे समजावून सांगावे लागत नाही. मुरू द्यायचे.

१० ऑगस्ट

श्रावण चालू. चाखणे नाही, म्हणून बाटलीवर काय लिहायचे याचा विचार केला.

स्कॉच लिहिता येणार नाही. स्कॉच म्हणवण्यासाठी व्हिस्की स्कॉटलंडमध्येच गाळलेली आणि तिथेच ओकच्या पिंपात किमान तीन वर्षे मुरलेली असावी लागते. तिच्यात परक्या व्हिस्कीचा थेंब पडला की ते नाव गेले. जपानचा प्रकार बराच काळ सैल होता. आयात केलेली व्हिस्की मिसळून वर जपानी नाव लावायला कायद्याची आडकाठी नव्हती. तिथल्या उत्पादक संघटनेने २०२१ मध्ये नियम घालून घेतले आणि एप्रिल २०२४ पासून ते पूर्णपणे लागू झाले. त्यांनुसार गाळणे, किमान तीन वर्षे मुरवणे आणि बाटलीत भरणे हे सर्व जपानमध्येच झालेले असेल तरच ‘जपानी व्हिस्की’. निक्काने आपली ‘फ्रॉम द बॅरल’ या व्याख्येत बसत नसल्याचे स्वतःहून जाहीर केले, याचे मला कौतुक वाटते. कॅनडाचा नियम सर्वांत मोकळा, तिथे ९.०९ टक्क्यांपर्यंत, म्हणजे एक अकरांश, दुसरे मद्य किंवा वाइनही घालता येते आणि नाव कॅनडाचेच राहते.

या सगळ्यांत धान्य कुठून आले हे फारसे कोणी विचारत नाही. स्कॉचची बार्ली स्कॉटलंडचीच हवी असा नियम नाही. अमृतच्या ‘फ्युजन’मध्ये भारतीय बार्लीबरोबर पीटच्या धुराची स्कॉटिश बार्ली असते, आणि गाळली बंगळुरूत म्हणून ती निःशंक भारतीय सिंगल माल्ट, म्हणजे एकाच कारखान्यातली माल्ट व्हिस्की, आहे. शेत कुठले याला महत्त्व नाही, भट्टी आणि कोठार कुठले याला आहे.

मी बाटलीवर ‘व्हिस्की’ आणि खाली तारीख इतकेच लिहिले.

१३ सप्टेंबर

५१ दिवसांनी बाटली उघडली. शेजारी आज सकाळीच, त्याच कृतीने, उरलेल्या बाटल्यांतून केलेले ताजे मिश्रण ठेवले.

पहिल्या घोटाला खात्री वाटली की मुरलेली बाटली अधिक गोलाई असलेली आहे. स्वतःच्या खात्रीवर माझा विश्वास नाही, म्हणून त्रिकोणी चाचणी घेतली. भाची पेले मांडते, तीनपैकी दोन पेल्यांत एकच द्रव असतो आणि तिसऱ्यात दुसरा, मला वेगळा ओळखायचा. सहा फेऱ्यांत चार वेळा बरोबर आलो. नुसत्या अंदाजानेही दोन वेळा बरोबर येणे अपेक्षित असते, आणि चार किंवा अधिक वेळा बरोबर येण्याची शक्यता दहात एक आहे. कारखान्यात एवढ्या पुराव्यावर मी एखादी खेप मंजूर केली नसती. तेव्हा नोंद अशी : मुरवल्याने फरक पडत असावा, सिद्ध झालेला नाही. भाची म्हणाली, “मामा, आणखी सहा फेऱ्या घेऊ या की.” सहाव्या फेरीनंतरच्या माझ्या उत्तरांना काही अर्थ उरला नसता.

चवीबद्दल : सुरुवातीला मध आणि खोबरे, मधे रेडब्रेस्टचा तेलकट, मिरमिरता भाग, शेवटी राखेचा एक पुसट पट्टा. निक्का कुठे आहे ते सांगता येत नाही.

२० सप्टेंबर

भाच्याचे म्हणणे होते की सामान्य माणसाला ४० टक्केच बरी वाटते, म्हणून १०० मिलिलिटरमध्ये साडेबारा मिलिलिटर पाणी घालून पाहिले. रात्री फ्रिजमध्ये ठेवले. सकाळी बाटली धूसर होती, तांदळाचे पहिले धुवण फार पातळ करावे तशी. घाबरण्यासारखे काही नाही. मद्यार्क ४६ टक्क्यांच्या बराच खाली गेला आणि द्रव थंड झाला की लांब साखळीच्या मेदाम्लांची एस्टरे विरघळलेली राहत नाहीत. मोठे कारखाने व्हिस्की थंड करून ती गाळून काढतात, म्हणून दुकानातली बाटली चकचकीत दिसते; आर्डबेग आणि पॉल जॉन या दोन्ही तशा गाळलेल्या नसतात. धूसर नमुना खोलीच्या तापमानाला आल्यावर बराचसा निवळला. गाळणार नाही आणि पाणीही घालणार नाही. ज्याला हवे त्याने आपल्या पेल्यात घालावे.

२५ ऑक्टोबर

भाचा दिवाळीला आला होता. काल रात्री त्याला काही न सांगता पेला दिला. त्याने दोनदा हुंगून, एक घोट घेऊन सांगितले, “मामा, आयरिश आहे, पण काहीतरी गडबड आहे.” गडबड कुठे आहे असे विचारले तर त्याने गळ्यावर बोट ठेवले. तिथेच तो ३ टक्क्यांचा धूर होता. बाटली दाखवल्यावर धूर ५ टक्के करा म्हणून त्याने हट्ट धरला. मी त्याला १२ जुलैचे पान वाचायला दिले.

शिल्लक माल तोलून पाहिला : आर्डबेग सुमारे ६०० मिलिलिटर, वाइल्ड टर्की ४२०, रेडब्रेस्ट २६०, पॉल जॉन २१०. निक्का संपली. सकाळी भाचा विमानतळाला निघताना पुढच्या खेपेला आर्डबेग आणू का, असे विचारत होता. निक्का आण, दोन आण, असे सांगितले.